डाव्या कुशीतला कप्पा

१

"चिमे, कडी लाव. काहीही ऐकू आलं तरी काढायची नाही."

हा आवाज फार जुना आहे. बापाच्या कमरेचा पट्टा सुटला की थोरली धाकटीला आतल्या खोलीत ढकलायची आणि दाराबाहेरून एवढंच सांगायची. मग बाहेर पट्टा वाजायचा. थोरली ओरडायची नाही. ती ओरडली असती तर धाकटीने दार उघडलं असतं. वाजायचं थांबलं की दाराच्या फटीला ओठ लावून ती म्हणायची, "झालं गं. काढ आता."

बाप कधीच गेला. थोरलीची सगळ्या बाजाराची आक्का झाली. धाकटीच्या केसांत पांढरं आलं, बोटं सांधेवाताने वाकली. तरी तो आवाज धाकटीच्या कानात तसाच राहिला होता, जुन्या बॅगेत जुन्या अत्तराचा वास राहतो तसा.

आज दुपारी आक्का आपल्याच कारखान्यात, आपल्याच टेबलाखाली मरून पडली होती.

कारखाना म्हणजे दोनच खोल्या. बाहेरच्या खोलीत तीन टेबलं आणि भिंतभर फळ्या. लोकांनी टाकलेल्या जुन्या हॅन्डबॅगा इथे यायच्या. कुणाचं चामडं तडकलेलं, कुणाचं बक्कल गेलेलं, कुणाच्या कडा उंदरांनी खाल्लेल्या. आक्का त्या उसवायची, मिस्त्री शिवायचा, धाकटी अस्तर आणि रेशीम बसवायची. बाहेर पडणारी बॅग जगात एकच असायची. दुसरी तशी करा म्हटलं तर आक्का म्हणायची, "दुसरी आई करून मिळते का?"

फौजदारबाई खाली वाकल्या. आक्काच्या कपाळावर चामडं ठोकायच्या लाकडी मोगरीचा घाव होता. रक्त भुवईवरून कानात उतरून तिथेच वाळलेलं. एवढ्याने ती मेली नव्हती. टेबलाचा पाय तिने इतका घट्ट धरला होता की नखं मुळापासून उलटली होती, आणि लाकडावर त्यांचे ओरखडे होते. जीभ दातांत चिरडलेली. गळ्याभोवती काळानिळा वळ.

"दोरीने आवळलंय," हवालदार म्हणाला.

"दोरी नव्हे. नीट बघा."

वळावर नक्षी होती. तीन पेडांची वेणी. वेणीत एका जागी पेड तुटलेला आणि गाठ मारून सांधलेला. त्या गाठीचा ठसा कानाखाली बोटाच्या पेराएवढा खोल रुतला होता.

बाई आणखी खाली वाकल्या. हीच वेणी, हीच गाठ त्यांनी अलीकडेच पाहिली होती. एका मेलेल्या म्हातारीच्या मनगटावर.

२

ती म्हातारी शाळेत खेळाची शिक्षिका होती. रस्त्याच्या कडेने चालली असताना मोटरसायकलवरच्या कुणीतरी तिच्या बॅगेला हात घातला. म्हातारीने पट्ट्याचा वेढा मनगटाला घेतलेला. जन्मभर पोरींना रस्सीखेच शिकवलेली, ती कशाला सोडते? त्याने गाडी थांबवली नाही. वळणापर्यंत तिला फरफटत नेलं. तिथे पट्टा मनगटावरून निसटला, तोवर चेहऱ्याची एक बाजू रस्त्यालाच राहिली होती. बॅग गेली.

तिची नात त्या दिवशी फौजदारबाईंसमोर बसून बॅगेबद्दल सांगत होती. रडणं तिला जमतच नव्हतं.

"तिचा पट्टा आजीने स्वतः सांधला होता. आणि अस्तराला भोक होतं. त्यातून तिची शिट्टी आत गेली, पितळेची, दातांचे वळ असलेली. काढून देते म्हटलं तर नको म्हणायची. बॅग कानाशी हलवायची आणि म्हणायची, आहे गं आहे, माझा तास अजून सुटला नाही."

तो पट्टा, म्हणजे, या कारखान्यात येऊन पोहोचला होता. पण खोलीभर शोधूनही वेणीचा पट्टा सापडेना. खिळ्यांवर सपाट पट्टे होते, साखळ्या होत्या, लाकडी मुठी होत्या. वेणी नव्हती.

बाहेर गलका उठला. बाई धावत पायरीवर आल्या. गल्लीतल्या लोकांनी मिस्त्रीला धरलं होतं. कुणी शटरची सळई आणलेली, कुणी विटेचा तुकडा. मिस्त्रीचा जबडा एका बाजूला सरकला होता आणि पांढऱ्या मिशीतून रक्ताची तार लोंबत होती.

"सकाळी सगळ्यांसमोर म्हणाला हा, गळा आवळीन म्हणून!" एक दुकानदार ओरडला. "आम्ही कानांनी ऐकलं!"

हवालदारांनी काठ्या चालवल्या तेव्हा तो सुटला. बाईंनी त्याला आत स्टुलावर बसवलं, पाणी दिलं. पाणी तोंडात गेलं ते लाल होऊन खाली आलं.

"म्हणालात का तसं?"

"म्हणालो." मिस्त्रीचं बोलणं तुटक झालं होतं. "रोजच म्हणतो. ती म्हणते, मिस्त्री, तुझे हात तोडीन. मी म्हणतो, आक्का, तुझा गळा आवळीन. मग चहा पितो. आज भांडण जरा मोठं झालं. कुण्या डॉक्टरच्या जुन्या पेटीवर तिला पोपट रंगवायचे होते. मी म्हटलं, म्हातारी पेटी, तिला म्हातारीसारखं राहू दे, गालाला लाली कशाला फासतेस?"

"मग?"

"मग ती हसली. म्हणाली, तुला फासते थांब. मी बक्कलं आणायला बाजारात गेलो, दुपार तिथेच गेली. आलो तर..." त्याने टेबलाखाली बघितलं आणि डोळे मिटून घेतले.

"आल्यावर काय केलंत? आठवून सांगा. बाहेरचे लोक तुम्हाला जिवंत ठेवायला तयार नाहीत, आणि माझ्याकडे तुमच्या बाजूने अजून काहीच नाही."

"आतल्या खोलीचं दार ढकललं. वाटलं, धाकट्या बाई आत असतील. दार उघडलं नाही. मग बोंब मारत रस्त्यावर धावलो."

फौजदारबाईंनी मान वळवली. आतल्या खोलीला दुसरं दार नव्हतं. एकच खिडकी, तिला लोखंडी गज. दाराला कडी फक्त आतून.

आणि पोलीस पोहोचले तेव्हा ते दार सताड उघडं होतं.

३

धाकटी आतल्या खोलीत बसून एका जुन्या अस्तराला टीप घालत होती. बहीण बाहेर चादरीखाली होती, आणि ही शिवत होती.

"हात थांबवले तर थरथरतात," तिने न विचारताच सांगितलं. टाका संपला. कात्री शेजारीच होती, पण तिने दोरा तोंडाशी नेला आणि दातांनी तोडला. "कात्री चालत नाही हो आता. बोटं मिटतच नाहीत. आक्का चिडवायची, आमच्याकडे दोन कात्र्या, एक लोखंडाची आणि एक चिमीची."

"दुपारी कुठे होतात?"

"बाजारात. रेशमी रुमाल आणायला."

"मिळाले?"

"नाही मिळाले."

तिच्या पायांत घरातल्या सपाता होत्या. तळ स्वच्छ होते. बाईंनी ते पाहून ठेवलं.

दारात धाकटीचा मुलगा येऊन उभा राहिला. बॅगा आणायचं आणि विकायचं काम त्याचं. कुठल्या रिकाम्या घरातून, कुठल्या जुन्या बाजारातून आणल्या, ते आक्का विचारायची आणि तो हसून सांगायचा. मिस्त्री त्याला 'छोटे सरकार' म्हणायचा. अंगावर चांगला कोट होता आणि दोन्ही हात कोटाच्या खिशात.

"मावशीचा माझ्यावर फार जीव," तो म्हणाला. "त्या म्हाताऱ्याला सोडू नका, बाई. मला त्याचा पहिल्यापासून संशय होता."

"पहिल्यापासून? म्हणजे मावशी मरायच्या आधीपासून?"

तो दारातून जरा मागे सरकला. "म्हणजे... माणूस रागीट."

चादरीसकट शव उचलून नेत होते. गल्लीतले लोक, हवालदारसुद्धा हात जोडून उभे राहिले. मिस्त्रीनेही फुटक्या तोंडाने हात जोडले. भाच्याने मान खाली घातली. हात मात्र खिशातच राहिले.

तेवढ्यात गर्दी सारत एक बाई आत आल्या. डॉक्टरीणबाई. गेल्या आठवड्यात यांनीच आक्काच्या अंगावर बॅग फेकून मारली होती, असं दुकानदार सांगत होते.

"फेकली," त्यांनी लगेच कबूल केलं. "आईची बॅग होती. हिने तिच्यावर सोनेरी मासे काढले. मी म्हटलं, माझ्या आईला जोकर केलंत. आक्कांनी माझा हात धरला आणि बॅगेत घातला. डाव्या कुशीला, अस्तराच्या आत, बोट जाईल एवढा कप्पा. त्यात आईचा केसांचा आकडा होता. एक केससुद्धा होता त्याला." त्यांनी फरशीकडे बोट केलं. "मी इथेच या फरशीवर बसून रडले. आज त्यांना सांगायला आले होते, ते मासे मला आवडायला लागलेत."

"प्रत्येक बॅगेला असा कप्पा असतो?"

"त्यांचा नियमच तसा, म्हणाल्या. उसवताना पोटात जे सापडेल ते वाटीत ठेवायचं आणि शिवताना परत पोटात घालायचं. बॅग कितीही बदलो, तिचं तिच्याजवळ राहिलं पाहिजे."

मिस्त्रीने मान हलवली. "उसवताना गायची ती," तो पुटपुटला. त्या मोडक्या जबड्यातून ओळी आल्या त्या अशा:

"हळू उसव गं बाई, जुन्या शिवणीचा वळ,
जुन्या पोटात निजली कुणाच्या जिवाची कळ."

फौजदारबाई आक्काच्या टेबलाकडे चालत गेल्या. आरी, चामडं कापायची रापी, मेणदोऱ्याचं रीळ. रक्ताचे शिंतोडे सगळीकडे उडालेले. मधोमध एक काचेची वाटी होती, तिच्या बाहेरही शिंतोडे होते.

आतून ती रिकामी होती. तळाशी फक्त पितळेचा हिरवा गंज लागला होता, बोटाने पुसला की जाईल एवढा.

४

फळीवर विकायला तयार बॅगा ओळीने ठेवल्या होत्या. पोपटांची, आरशांची, मोडक्या घड्याळांच्या काट्यांची. मुठी वेगवेगळ्या, पट्टे वेगवेगळे. एका गडद तपकिरी बॅगेचा पट्टा राखाडी रेशमाने गुंडाळलेला होता. टाके बारीक, जवळजवळ. सुंदर काम.

बाईंनी सगळ्यांना खोलीत बोलावलं. दार लोटून घेतलं. बाहेर लोकांचा आवाज चढत होता. मिस्त्रीला बाहेर द्या, म्हणून कुणीतरी पत्र्यावर दगड मारला.

"घाईने केलेलं काम आहे," बाई त्या बॅगेवर हात फिरवत म्हणाल्या, "पण हात कसलेला. इथे प्रत्येक दोऱ्याचं टोक बघा. मिस्त्री रापीने कापतात, त्यांचं टोक सरळ असतं. ही टोकं चावलेली आहेत. ओली होऊन चपटी झालेली."

धाकटीने आपली बोटं पदरात लपवली.

बाईंनी डाव्या कुशीत दोन बोटं घातली. बाहेर काढली तेव्हा तळहातावर पितळेची शिट्टी होती. दातांचे वळ असलेली.

"धाकट्या बाई, तुम्ही सगळं झाकलंत. पट्टा झाकलात, रक्त झाकलंत. आणि ज्या वस्तूवरून ही बॅग ओळखू येईल, ती वाटीतून उचलून नियमाप्रमाणे तिच्या पोटात ठेवलीत. गटारात टाकली असती तर मला कधी कळलं नसतं."

"टाकायचं सुचलंच नाही," धाकटी म्हणाली. "हातानेच ठेवली. मला विचारलंही नाही त्याने."

रापीचं टोक रेशमाखाली गेलं. रेशीम उलगडत गेलं. आत तीन पेडांची वेणी होती आणि एके ठिकाणी गाठ. गाठीच्या आसपास दोन रक्तं होती, एक जुनं काळं आणि एक अजून लाल.

"आता आक्काला काय दिसलं ते सांगते. चामडं पुसता येतं, पण शिवणीची भोकं पुसता येत नाहीत. पट्टा जिथे बॅगेला शिवला होता, तिथला दोरा तिने आज उसवला. एकेक भोक वाळल्या रक्ताने तपकिरी निघालं. फरफटत मेलेल्या म्हातारीची बातमी तिने ऐकली होती. बॅग कुणी आणली तेही तिला ठाऊक होतं. तिने त्याला बोलावलं."

भाचा एकदम पुढे आला. "आईनेच केलं हे! टाके तिचे आहेत ना? दोघींचं कधी पटलं नाही. सगळा जन्म मावशीच्या सावलीत काढला तिने. आई, सांगून टाक एकदाचं!"

धाकटीने मुलाकडे पाहिलं. दुखावलेली वगैरे दिसली नाही ती. उसवायला घेतलेली शिवण कुठून सुरू होते ते शोधावं, तसं ती पाहत होती.

बाईंनी पट्टा तिच्या हातात दिला. "आवळा. या स्टुलाच्या पायाला गुंडाळा आणि आवळा."

धाकटीने गुंडाळला. ओढायला गेली. बोटं मिटेनात. पट्टा घसरून खाली पडला.

"या हातांनी ओला रुमालसुद्धा पिळता येत नाही," बाई म्हणाल्या. "आणि आक्काने टेबलाचा पाय नखं उलटेपर्यंत धरला होता. तिला धरून ठेवायला जोर लागला असेल. ज्याने आवळलं, त्याच्या तळव्यांतही ही वेणी उमटली असणार." त्या भाच्याकडे वळल्या. "सगळ्यांनी हात जोडले तेव्हा तुझे खिशात होते. काढ बाहेर."

त्याने हात काढले.

उजव्या तळव्यावर वेणीचे तीन पेड होते, काळेनिळे रुतलेले. पण बघायला वेळच मिळाला नाही. त्या हाताने टेबलावरची रापी उचलली होती.

५

हवालदार मध्ये आला, त्याचा दंड खांद्यापासून कोपरापर्यंत उघडला. रक्त फळीवरच्या सोनेरी बॅगांवर उडालं. भाच्याने फौजदारबाईंचे केस धरले, मान मागे खेचली आणि रापी गळ्याला लावली. पातं कातडीत शिरलं, रक्ताची बारीक माळ कॉलरवर उतरली.

"दार उघडा! नाहीतर हिची पण शिवण उसवतो!"

"राजा," धाकटी म्हणाली. एवढंच.

त्याने आईकडे पाहिलं. क्षणभरच. तेवढ्यात स्टुलावरचा म्हातारा उठला. मिस्त्रीने आयुष्यभर जिने चामडं ठोकलं ती मोगरी मागून त्याच्या मनगटावर घातली. हाड मोडल्याचा आवाज वाळकं लाकूड मोडल्यासारखा आला. रापी पडली. मिस्त्रीने दुसरा घाव घालायला हात उचलला, आणि हळूच खाली घेतला.

"हा आक्काचा," तो म्हणाला. "माझा घालत नाही."

भाच्याला बांधून बाहेर नेताना तो ओरडत होता, मावशी पोलिसांत जाणार होती, तिने ऐकलं नाही, मी काय करणार होतो? मिस्त्रीचं रक्त मागणारे लोक आता त्याच्या अंगावर धावले. सळई तीच होती, दगडही तेच. हवालदारांना परत काठ्या चालवाव्या लागल्या.

खोलीत धाकटी उरली, गळ्याला रुमाल दाबलेल्या फौजदारबाई उरल्या, आणि मिस्त्री. शिट्टी धाकटीच्या हातात होती. त्या बोटांना ती मिटता येत नव्हती, म्हणून तळव्यावर नुसती ठेवलेली.

"तुम्ही कडीच्या आत होतात," बाई म्हणाल्या. "तो पळून गेल्यावर बाहेर आलात, पट्टा सोडवलात आणि बॅग घेऊन परत आत जाऊन बसलात. मिस्त्रींनी दार ढकललं तेव्हा तुम्ही शिवत होतात. ते ओरडत बाहेर धावले, तशी बॅग फळीवर ठेवून आत शिरलेल्या गर्दीत मिसळलात."

"हो."

"आणि मिस्त्रींना मारत होते तेव्हाही गप्प राहिलात."

"राहिले." तिने मिस्त्रीकडे पाहिलं नाही. "खिडकीतून दिसत होतं. दर फटक्याला म्हणायचे, आता सांगते. मग वाटायचं, पोटचा आहे. पुढच्या फटक्याला सांगते."

मिस्त्री जबडा धरून बसला होता.

"एक उरतं," बाई म्हणाल्या. "आवळण्याआधी मोगरीचा घाव बसला. मध्ये वेळ गेला असणार. तिने तुम्हाला हाक मारली का? कोर्टात विचारतील. मीही विचारतेय."

धाकटीने शिट्टी तोंडाशी नेली, दोरा तोडायला नेते तशी. वाजवली नाही. त्या परक्या म्हातारीच्या दातांच्या वळांवर आपले दात ठेवून ती थोडा वेळ तशीच बसली. मग शिट्टी खाली ठेवली.

"मी त्याचं बोलणं ऐकून दाराशी आले होते. दार उघडंच होतं. मोगरी बसली ती मी पाहिली. आक्का गुडघ्यावर आली. त्याने टेबलावरून पट्टा उचलला. मी एक पाऊल टाकलं. तिने माझ्याकडे बघितलं, सगळं तोंड रक्ताने भरलेलं. मला वाटलं, आता म्हणेल, वाचव."

तिचा आवाज बारीक झाला, लहान मुलीचा असतो तेवढा.

"ती म्हणाली, 'चिमे, कडी लाव.'"

बाहेरचा गोंगाट कुठेतरी लांब गेला होता.

"आणि मी लावली. आत कान लावून बसले. वाजायचं थांबलं. मी वाट पाहिली, बाई. झालं गं, काढ आता, असं ती म्हणेल म्हणून मी खूप वेळ वाट पाहिली."